कपाळींचा दिवा आणि पावसाळा

मृग नक्षत्र लागलें कीं आमच्या महाराष्ट्रांतील घरांत दोन प्रकारच्या तयाऱ्या सुरू होतात. वडील मंडळी छपराचीं कौलें, गच्चीच्या भेगा आणि छत्र्यांच्या काड्या यांच्या डागडुजीस लागतात. तरुण मंडळी पाठीवरच्या पिशव्या झटकून गडकिल्ल्यांचे बेत आंखूं लागतात. भर पावसांत, आणि त्यांतूनहि रात्रीं, डोंगर चढण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. शनिवारीं संध्याकाळीं कचेरींतून निघावें, मध्यरात्रीं पायथ्याच्या गांवीं उतरावें आणि उजाडण्यापूर्वीं माथा गांठावा, असा त्यांचा क्रम. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, हीं नांवें शनिवारच्या जेवणाच्या पंक्तीला आतां घरोघर ऐकूं येतात.

ह्या हौसेला आमचा विरोध नाहीं. ज्या पिढीनें किल्ले केवळ पाठ्यपुस्तकांतील चित्रांत पाहिले तिच्यापेक्षां पायांनीं पाहणारी पिढी केव्हांहि बरी. परंतु ज्या घरांतून मुलें-मुली अशा रात्रीं बाहेर पडतात त्या घरांतील वडील माणसांचा डोळा पहाटेपर्यंत लागत नाहीं, हेंहि खरें. आणि ह्या काळजीचा बराच मोठा भाग एका लहानशा वस्तूवर टांगलेला असतो. ती वस्तु म्हणजे पट्ट्यानें कपाळाला बांधावयाची विजेरी. दुकानदार तिला 'हेडलॅम्प' किंवा 'हेडटॉर्च' म्हणतात. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून शेताला पाणी देण्यास निघालेला शेतकरी तिला नुसतें 'डोक्याची बॅटरी' म्हणतो. डोंगरावर काय, शेताच्या बांधावर काय, हात मोकळे ठेवून पायांपुढची वाट, दगड किंवा जनावर दाखविणें हें तिचें काम. आणि तें तिनें नेमकें अंधारांत व पावसांत करावयाचें असतें. ती मध्येंच विझली तर निसरड्या कड्यावर उभा असलेला मनुष्य एक पाऊलहि पुढें टाकूं शकत नाहीं.

तेव्हां ही विजेरी पावसांत खरोखर कितपत टिकते, तिच्या खोक्यावर छापलेल्या अंकांचा अर्थ काय, आणि ती टिकावी म्हणून घरच्या माणसांस काय करतां येईल, एवढ्याच तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिला आहे.

पूर्वींचे दिवे आणि पाणी

दिवा आणि पाणी यांचें वैर जुनें आहे. आमच्या पिढींतील बहुतेक वाचकांनीं लहानपणीं कंदिलाच्या उजेडांत अभ्यास केला असेल; ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घरांतल्या माणसांपैकींच एक वाटे. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब उडाला कीं काच तडकलीच, हें त्या काळच्या लहान मुलासहि ठाऊक असे.

माथ्यावर दिवा बांधण्याची कल्पना मात्र खाणींतील मजुरांची. दोन्ही हात कुदळीला गुंतलेले, मग दिवा धरावयाचा कोणीं? म्हणून तो टोपीवर गेला. अमेरिकेंत फ्रेडरिक बाल्डविन यानें १९०० सालीं कार्बाइडच्या दिव्याचें पेटंट मिळविलें. ह्या दिव्याच्या खालच्या डबींत कॅल्शियम कार्बाइडचे खडे व वरच्या डबींत पाणी असे. पाणी थेंब थेंब खड्यांवर पडलें कीं ॲसिटिलीन वायु निघे आणि तो जळून लख्ख उजेड पडे. पाण्यावांचून न पेटणारा असा हा एकच दिवा आमच्या माहितींत आहे! पुढें खाणींत विजेचे दिवे आले. पण त्यांची जड बॅटरी कमरेला बांधावी लागे व तेथून तार डोक्यापर्यंत न्यावी लागे. फ्रान्समधील गुहासंशोधक फेर्नां पेत्झल व त्यांचे पुत्र यांनीं १९७३ सालीं दिवा आणि बॅटरी हीं दोन्ही एकाच पट्ट्यावर बसविलीं, आणि आजच्या विजेरीचें रूप सिद्ध झालें.

शेवटची मोठी सुधारणा म्हणजे एलईडी. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या जपानांत जन्मलेल्या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आजचा पांढरा उजेड त्याच शोधाच्या पोटीं जन्मला आहे. जुन्या बल्बांतील बारीक तार जळून किंवा हिसक्यानें तुटून जाई. एलईडींत तुटण्यासारखी तारच नाहीं. त्यामुळें आतां उजेड देणारा भाग सहसा दगा देत नाहीं. विजेरी मरते ती बहुधा दुसऱ्या दोन कारणांनीं. एक बॅटरी संपून आणि दुसरें आंत पाणी शिरून.

अंकांचा अर्थ

मागील पावसाळ्यांत आमच्या घरीं एक नवी विजेरी आली. खोक्यावरील अक्षरें लावीत बसलेल्या सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, हिच्यावर चार लिहिलें आहे आणि शेजारच्यांच्या विजेरीवर सात आहे. म्हणजे ती आपल्याहून जवळजवळ दुप्पट चांगली, असें का?" प्रश्न मोठा मार्मिक आहे, आणि त्याचें उत्तर 'होय' असें नाहीं.

हे अंक आंतरराष्ट्रीय विद्युत्तांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकांतून आले आहेत. हें मानक प्रथम १९७६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेंहि तें स्वीकारलें आहे. 'आयपी' ह्या अक्षरांपुढें दोन अंक येतात. पहिला अंक धुळीविषयीं, दुसरा पाण्याविषयीं. पहिल्या जागीं अंकाऐवजीं 'एक्स' असेल तर त्याचा अर्थ 'धूळ शिरते' असा नव्हे. तो अंक येथें सांगितलेला नाहीं, एवढाच.

पाण्याचा अंक चार असेल तर त्या वस्तूवर सर्व बाजूंनीं पाण्याचे शिंतोडे पांच-दहा मिनिटें उडवून पाहिलेले असतात. पांच असेल तर मिनिटाला साडेबारा लिटर पाणी सोडणाऱ्या नळीची धार, आणि सहा असेल तर मिनिटाला शंभर लिटरांची जाड धार, निदान तीन मिनिटें तिच्यावर धरलेली असते. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास बुडवून ठेवणें. आठ म्हणजे त्याहून कठीण कसोटी. तिची खोली व वेळ कारखानदारानें सांगावयाची असते, म्हणून नुसता आठ पाहून भागत नाहीं, खोली किती हेंहि वाचावें लागतें.

येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एकापासून सहापर्यंत अंक जिन्याच्या पायऱ्यांसारखे आहेत. वरची पायरी गांठणारा खालच्या पायऱ्या चढूनच आलेला असतो. सहाच्या पुढें मात्र जिना बदलतो. स्थिर पाण्यांत बुडून कोरडी राहिलेली वस्तु जोराच्या धारेखालीं कोरडी राहीलच असें हें मानक म्हणत नाहीं. दोन्ही गुण असतील तर दोन्ही अंक निरनिराळे छापावे लागतात. म्हणून 'सात म्हणजे चाराच्या जवळजवळ दुप्पट' हा हिशेब येथें लागत नाहीं. चाराची विजेरी शिंतोड्यांच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेली, साताची बुडण्याच्या परीक्षेंत. संस्कृतांत पहिला आलेला विद्यार्थी गणितांतहि पहिला येईल असें कोणता शिक्षक सांगूं शकेल?

शिवाय ही परीक्षा नव्या नमुन्याची असते. भाताचें एक शीत चेपून सारा भात शिजला असें ठरविण्याच्या रीतीस शास्त्रकार स्थालीपुलाकन्याय म्हणतात. येथेंहि तोच न्याय चालतो. कारखान्यांतील कांहीं नव्या विजेऱ्या गोड्या, स्वच्छ पाण्यानें तपासल्या, आणि त्यांचा अंक हजारोंच्या खोक्यांवर छापला गेला. तीन वर्षें वापरलेल्या, दोनदां दगडावर आपटलेल्या, झाकणांत वाळूचा कण अडकलेल्या आपल्या विजेरीची परीक्षा कोणींहि घेतलेली नसते.

पावसाचा हिशेब

आतां आमच्या सह्याद्रींतील पाऊस ह्या अंकांच्या मानानें किती मोठा, तें पाहूं. कल्पनेला वाटतें कीं घाटांतला मुसळधार पाऊस म्हणजे शंभर लिटरांची धारच. प्रत्यक्ष हिशेब निराळा आहे.

२६ जुलै २००५ ह्या दिवशींचा मुंबईचा प्रलय वाचक विसरले नसतील. सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. चोवीस तासांनीं भागतां तासाला सरासरी सुमारें ३९ मिलीमीटर येतात. आणि मानकांतील अगदीं खालची, एक ह्या अंकाची कसोटी पाहावी तर तींत वरून मिनिटाला एक मिलीमीटर, म्हणजे तासाला ६० मिलीमीटर, ह्या प्रमाणांत पाणी ठिबकविलें जातें! त्या दिवशीं कांहीं तासांत पावसाचा जोर ह्या सरासरीच्या पुष्कळ वर गेला होता हें खरें. तथापि प्रमाण पाहिलें तर चार अंकाच्या कसोटींतील शिंतोडे सामान्य मुसळधार पावसाहून कमी नाहींत, असाच निष्कर्ष निघतो.

मग चार अंकाच्या विजेऱ्या पावसांत बंद कां पडतात? ह्याचें पहिलें कारण वेळ. कसोटी दहा मिनिटांची; आषाढांतली घाटांतली रात्र दहा तासांची. पाणी घाई करीत नाहीं. जेथें केसाएवढी फट आहे तेथें तें पहिल्या दहा मिनिटांत कदाचित् शिरणार नाहीं, पण सहाव्या तासाला शिरेल. दुसरें कारण म्हणजे हालचाल. कसोटींत वस्तु यंत्राच्या फळीवर असते. डोंगरावर ती माणसाच्या कपाळावर असते. तो वांकतो, घसरतो, फांदीला डोकें आपटतो, ओल्या बोटांनीं पुनः पुनः बटन दाबतो, विजेरीचें तोंड वर-खालीं फिरवितो. प्रत्येक वेळीं सांधे किंचित् हलतात. तिसरें कारण थोडें खोल आहे आणि त्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें; तें पुढें सांगतों.

पाणी शिरतें कोठून?

विजेरीच्या किल्ल्याला चार दरवाजे आहेत. पहिला बॅटरीच्या डबीचें झाकण. दुसरा बटनावरील रबराची टोपी. तिसरा, बॅटरी कपाळावर नसून डोक्याच्या मागें असेल तर पुढें येणाऱ्या तारेच्या शिरण्याची जागा. आणि चौथा, आजकालच्या विजेऱ्यांत यूएसबीची तार लावून वीज भरण्याचें भोंक. ह्या चौथ्या दरवाज्यावर रबराची एक इवलीशी झडप असते. ती रोज उघडझांप होऊन सैल पडते, आणि पुष्कळदां नीट दाबून बसविली आहे कीं नाहीं हें कोणी पाहतहि नाहीं. ज्या विजेरीस हें भोंक नाहीं, जिचे सेल बाहेर काढून बदलतां येतात, तिचा एक दरवाजा कायमचाच बुजलेला असतो. पावसाळ्यापुरता हा मोठा गुण आहे.

झाकणाच्या कडेला बहुधा रबराचें बारीक कडें बसविलेलें असतें. सारी भिस्त त्या कड्यावर. कडें स्वच्छ व लवचिक असेल तर पाणी अडतें. त्यावर एक केस, वाळूचा एक कण किंवा पट्ट्याचा एक दोरा आडवा आला कीं त्याच्या दोन्ही बाजूंस फट राहिली आणि अंक चाराचा असो वा साताचा, व्यर्थ झाला. दाराला कुलूप लावलें पण दाराखालीं चप्पल अडकलेली राहिली, तशी ही गत.

आतां तें तिसरें कारण. तेजस्वी विजेरी चालू असतांना तापते. तिच्या पोटांतली हवा समजा ४० अंशांपर्यंत तापली आणि अशा वेळीं २० अंशांचें थंड पावसाचें पाणी तिच्यावर कोसळलें, किंवा ओढा ओलांडतांना ती पाण्यांत पडली, तर आंतली हवा एकदम निवते. बंद भांड्यांतली हवा निवली कीं तिचा दाब उतरतो, हें शाळेंत शिकविलेलेंच आहे. ह्या उदाहरणांत दाब सुमारें सोळाव्या हिश्शानें उतरतो. हवेचा संपूर्ण दाब सुमारें दहा मीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. त्याचा सोळावा हिस्सा म्हणजे सुमारें ६५ सेंटिमीटर, जुन्या मापानें जवळजवळ दीड हात. म्हणजे वरवर साध्या पावसांत भिजणारी तापलेली विजेरी जणुं दीड हात पाण्याखालीं धरल्याप्रमाणें प्रत्येक फटीशीं पाणी ओढीत असते! मानकाच्या बुडविण्याच्या कसोटींत मात्र पाण्याच्या आणि वस्तूच्या उष्णतामानांत पांच अंशांहून अधिक फरक नसावा असा नियम आहे. कसोटी खोटी नाहीं. पण डोंगरावरचा प्रसंग त्या कसोटींत बसत नाहीं.

काचेआंतलें दंव

पुष्कळ वेळां विजेरीच्या काचेवर आंतून धुकें धरलेलें दिसतें आणि विकत घेणारा म्हणतो, "फसवलें! पाणी शिरलें." येथें पाणी बाहेरून शिरलेलें असतेंच असें नाहीं, बहुतेक वेळां तें आपणच आंत कोंडलेलें असतें. पावसाळ्यांतली हवा बाष्पानें भरलेली असते. २७ अंशांची ओथंबलेली हवा एका घनमीटरांत सुमारें २६ ग्रॅम बाष्प धरते. तीच २० अंशांपर्यंत निवली कीं १७ ग्रॅमच धरूं शकते. उरलेलें बाष्प दंव होऊन सर्वांत थंड जागीं, म्हणजे पावसानें निवालेल्या काचेवर, बसतें. विजेरीच्या पोटांत ५० घनसेंटिमीटर हवा असली तर हें पाणी अर्ध्या मिलीग्रॅमाहूनहि कमी भरतें. मोहरीच्या दाण्याएवढेंहि नव्हे. पण काच धुकट करण्यास तेवढें पुरतें.

ह्या दंवानें लगेच अपाय होत नाहीं. घरीं येऊन कोरड्या हवेंत झाकण उघडून ठेवल्यास तें उडून जातें. मात्र काचेखालीं थेंब लोंबतांना दिसले, किंवा हलवितां खळखळ ऐकूं आली, तर तें दंव नव्हे. दरवाजा फुटला असें समजावें.

आंत शिरलेलें पाणी काय करतें?

आमच्या भगिनीवर्गाची एक भीति प्रथम दूर करूं. ह्या विजेऱ्यांची वीज दीड ते साडेचार व्होल्ट, किंवा त्याच्या आसपास, असते. ती ओली झाली तरी कपाळाला झटका बसत नाहीं.

दुसरी गोष्ट आश्चर्याची वाटेल. पावसाचें शुद्ध पाणी विजेचें फारसें चांगलें वाहक नाहीं. त्यामुळें आंत पाणी शिरूनहि विजेरी कित्येकदां रात्रभर जळत राहते, मालकास पत्ताहि नसतो. तो घरीं येऊन ती तशीच खणांत टाकतो. नाश तेथें, खणांत होतो. ओलाव्यांतून थोडी थोडी वीज वाहत राहते, पितळेच्या व तांब्याच्या भागांवर हिरवा कळंक चढतो, आणि पुढच्या शनिवारीं विजेरी पेटत नाहीं. ह्या पाण्यांत मीठ असेल तर हें काम फार वेगानें होतें. कोंकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात. आणि कपाळावरचा घाम तरी काय, खारेंच पाणी! म्हणून घामानें भिजलेल्या विजेरीची काळजी पावसानें भिजलेलीहून अधिक घ्यावी.

सेलांचीहि गोष्ट लक्षांत ठेवावी. साधे अल्कलाइन सेल महिनोन्महिने विजेरींत पडून राहिले कीं फुटून त्यांतून दाहक क्षार झरतो. त्याचें पांढरें पीठ दिसलें तर हाताला मोजा घालून, कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन, जागा पुसून कोरडी करावी. लिथियमची बॅटरी ओली असतांना तिच्यांत वीज भरावयास कदापि लावूं नये. आणि ती फुगलेली दिसली तर तिचा मोह सोडावा.

पाऊस आणि दृष्टि

विजेरी पूर्ण शाबूत असूनहि पावसांत दिसत नाहीं, अशी तक्रार पुष्कळ तरुण करतात. दोष विजेरीचा नव्हे, तिच्या जागेचा आहे. दिवा कपाळावर, म्हणजे डोळ्यांच्या अगदीं वर. त्याचा उजेड समोरच्या प्रत्येक थेंबावर व धुक्याच्या प्रत्येक कणावर आपटून सरळ डोळ्यांकडे परततो. समोर एक पांढरी भिंत उभी राहते आणि वाट दिसेनाशी होते. अशा वेळीं माणूस उजेड आणखी वाढवितो. त्यानें भिंत अधिकच पांढरी होते.

उपाय सोपा आहे. उजेड कमी करावा आणि विजेरी कपाळावरून काढून हातांत, कमरेच्या उंचीवर धरावी. मग परतणारा उजेड डोळ्यांत थेट शिरत नाहीं, आणि दगडांच्या सावल्या लांब पडून खांचखळगे स्पष्ट दिसतात. धुक्यांत पिवळा दिवा चांगला, अशी एक समजूत आहे. पण धुक्याचे कण प्रकाशलहरींच्या मानानें इतके मोठे असतात कीं ते सर्व रंग जवळजवळ सारखेच परतवितात. रंगापेक्षां दिव्याची जागा महत्त्वाची.

कांहींजण म्हणतील कीं मोबाइलचा दिवा असतांना हा खटाटोप कशाला? तर त्यानें एक हात अडतो, आणि ओल्या पडद्यावर बोटांची खूण नीट उमटत नाहीं. शिवाय संकटांत ज्यावरून मदत बोलावावयाची त्याचीच बॅटरी दिव्यापायीं संपवावी, हा व्यवहार नव्हे.

विकत घेतांना

आमच्या मतें सह्याद्रींतील पावसासाठीं चार अंक ही किमान पायरी समजावी; ओढे ओलांडावयाचे असतील तर सात अंक पाहावा. परंतु अंकापेक्षां झाकण आधीं पाहावें. तें हातानें घट्ट बसतें काय, कडें एकसंध आहे काय, बटन ओल्या बोटांनीं दाबलें जातें काय, हें दुकानांतच तपासावें. ज्यावर कांहींच अंक नाहीं आणि नुसतेंच 'वॉटरप्रूफ' असें मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे त्यावर विश्वास ठेवूं नये. विजेरी किती तास चालेल हें जें छापलेलें असतें त्याचाहि अर्थ समजून घ्यावा. अमेरिकेंत २००९ सालीं ठरलेल्या व पुष्कळ कारखानदारांनीं उचललेल्या रीतीप्रमाणें, उजेड आरंभींच्या एक-दशांशावर येईपर्यंतचा सर्व काळ 'चालण्याचा' म्हणून धरतात. म्हणजे खोक्यावरच्या शेवटच्या तासांत विजेरी जळत असते, पण वाट दाखवीत असतेच असें नाहीं.

घरीं एक परीक्षा अवश्य करावी. सेल काढून घ्यावे, त्यांच्या जागीं टिपकागदाचा कोरडा तुकडा ठेवून झाकण लावावें, आणि न्हाणीघरांतील फवाऱ्याखालीं विजेरी निरनिराळ्या बाजूंनीं फिरवीत अर्धा तास धरावी. मग बाहेरून पुसून झाकण उघडावें. कागद कोरडा निघाला तर ठीक. कोपरा ओला असेल तर पाणी कोणत्या बाजूनें आलें हेंहि तोच कागद सांगतो. ही परीक्षा दरवर्षीं रोहिणी नक्षत्रांत एकदां करावी. कारण मागच्या वर्षींचा निकाल ह्या वर्षीं चालत नाहीं.

डोंगरावर आणि घरीं परतल्यावर

चढावयास निघण्यापूर्वीं, घरांतल्या कोरड्या जागींच, नवे सेल घालावे किंवा बॅटरी पूर्ण भरावी. पावसांत झाकण उघडण्याची वेळ येऊं देऊं नये, हाच सर्वांत मोठा नियम. उघडावेंच लागलें तर आडोशाला, डोकें व हात पुसून, तोंड खालीं करून उघडावें, आणि लावतांना कड्यावरून स्वच्छ बोट फिरवावें. तापलेली विजेरी ओढ्यांत धुवूं नये. आधीं ती निवूं द्यावी.

घरीं आल्यावर प्रथम झाकण बंद ठेवूनच बाहेरचा चिखल व घाम गोड्या पाण्यानें धुवावा. मग ती पुसून, झाकण उघडून, सेल काढून, सावलींत वारा लागेल अशा जागीं एक दिवस ठेवावी. चुलीजवळ, इस्त्रीखालीं किंवा कडक उन्हांत वाळवूं नये. त्यानें रबर कडक होतें व बॅटरीस धोका पोंचतो. तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवण्याचा उपाय लोकप्रिय आहे. पण औषधांच्या बाटल्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यांत ठेवल्यास काम अधिक चांगलें होतें, आणि विजेरींत तांदळाचा भुसाहि शिरत नाहीं. कड्याला खोबरेल अथवा व्हॅसलीन लावूं नये. कांहीं जातींचें रबर त्यानें फुगतें. माहितीपत्रकांत जें ग्रीस सांगितलें असेल तेंच, आणि तेंहि नखभर, लावावें.

इतकें सर्व केलें तरी यंत्र तें यंत्रच. म्हणून प्रत्येकाजवळ दुसरी एक लहान, साधी विजेरी कोरड्या पिशवींत बांधलेली असावी. चार जणांच्या टोळींत मिळून एक, असें नव्हे, प्रत्येकाजवळ एक. पावसांत माणसें चुकतात तीं एकएकटीं चुकतात, आणि अशा वेळीं मित्राच्या पिशवींतील दिवा कामास येत नाहीं.

खोक्यावरचा अंक कारखानदारानें दिलेला आहे, आणि तो एका दिवसाच्या परीक्षेचा आहे. त्या दिवसानंतर विजेरी कोरडी ठेवण्याचें काम घरच्या माणसांचें. तेव्हां येत्या शनिवारीं मुलगा किंवा मुलगी पाठीवर पिशवी टाकून उंबऱ्यांत उभी राहील, त्या वेळीं 'जाऊं नकोस' असें म्हणण्यापेक्षां वडील मंडळींनीं दोन प्रश्न विचारावे: झाकणाचें कडें पुसलेंस का, आणि दुसरी विजेरी घेतलीस का. दोन्हींचें उत्तर होकारार्थी आलें तर दार लावून निजावयास हरकत नाहीं.